डाव्या खांद्यावरचा हवालदार

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे. कमरेच्या पट्ट्याला निदान बक्कल असतं, त्याचा उपयोग तरी लगेच कळतो. मी खांद्याचा. बोटभर लांब, दोन बोटं रुंद, लाल लोकरी कापडाचा. मधोमध एक सोनेरी फीत आणि तिच्यावर दोन चांदण्या. एवढाच माझा देह. पण मी ज्या काळातला, त्या काळी आमच्या जपानी पलटणीत लोक आधी आम्हाला पाहत आणि वेळ उरला तर माणसाचं तोंड पाहत.

आमच्या हुद्द्यांची नावं तुमच्या जिभेला जड जातील, म्हणून मी तुमच्याकडचीच नावं वापरतो. एक चांदणी म्हणजे नवा शिपाई. दोन चांदण्या म्हणजे जरा मुरलेला शिपाई. सोनेरी फीत लागली की माणूस नाईक, हवालदार वगैरे होतो आणि त्याचा आवाज वाढतो. मी हवालदाराचा पट्टा. मुरलेल्या शिपायाच्या पट्ट्यावर दोन चांदण्या आणि माझ्यावरही दोनच. आमच्यात फरक फक्त त्या फितीचा. भाताच्या काडीएवढी फीत! पण तिच्यापायी मोठमोठी माणसं ताठ उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

माझा जन्म एचिगोच्या बर्फाळ मुलखात, छावणीच्या फाटकासमोरच्या एका शिंप्याच्या दुकानात झाला. दुकान त्सुने नावाच्या विधवेचं होतं. शिपाई तिला मावशी म्हणत. आम्ही जुळे भाऊ. उजव्या खांद्याचा तो आणि डाव्याचा मी. मावशीनं आम्हाला एकाच कापडातून कापलं, एकाच चिमटीत धरून शिवलं आणि गेन्पेई कुराहाशी या गृहस्थांच्या कोटावर बसवलं. ते त्याच दिवशी हवालदार झाले होते.

कुराहाशी हवालदार मनानं वाईट नव्हते, पण हे कुणाला कळायला वाव नसे, कारण मधे त्यांचा आवाज येई. ते कवायतीचा हुकूम देत तेव्हा मैदानाकडेच्या झाडांवरचा बर्फ खाली पडे. रोज सकाळी ते मऊ ब्रशनं आम्हा दोघांना झटकत. मग बाहेर पडले की समोरून सलाम सुरू होत. सलाम त्यांना असत की आम्हाला, हा वाद माझा आणि उजव्याचा कधीच मिटला नाही.

त्यांच्या तुकडीत तोराजी सेकिने नावाचा एक शिपाई होता. दोन चांदण्यांचा, उंच, किरकोळ आणि स्वभावानं अगदी मऊ. तो बंदूक सुद्धा हळूच टेकवून ठेवी, तिला लागू नये म्हणून. हवालदारांच्या ओरड्यातला मोठा वाटा त्याच्या वाट्याला येई.

एका शनिवारी तोराजीनं बूट पुसून खिडकीत वाळत ठेवले आणि वरून बर्फ पडून ते पुन्हा भिजले. हवालदार ओरडतच खोलीत शिरले. दाराच्या चौकटीला एक खिळा होता. त्यात मी अडकलो आणि अर्धा उसवलो. त्या रागानं त्यांनी तोराजीचा डावा खांदा धरून त्याला असा हलवला की त्याचाही पट्टा टर्रकन निघून हातात आला.

हवालदारांनी हातातल्या पट्ट्याकडे पाहिलं, मग लोंबणाऱ्या माझ्याकडे पाहिलं.

"उभा काय राहिलास? दोन्ही कोट मावशीकडे टाकून ये! उद्या रविवार आहे. मला महत्त्वाच्या कामाला जायचंय."

"साहेब, मलाही उद्या मामाकडे..."

"तुझं काम महत्त्वाचं नाही!"

तोराजी आम्हाला घेऊन दुकानात गेला. मावशीचा चष्मा त्याच सुमारास तिच्या स्वतःच्याच बुडाखाली सापडला होता. एक काच शाबूत होती. ती काच एका डोळ्यापुढे धरून, दुसऱ्या हातानं शिवत, तोंडानं शेजारणीशी गप्पा मारत तिनं ते काम केलं. मी ओरडून सांगू शकत नव्हतो. सुई माझ्यात शिरली तेव्हा मला जाणवलं की खाली कापड वेगळं आहे. जरा खरखरीत आहे, आणि त्याला बूटपॉलिशचा वास आहे. मावशीनं मला तोराजीच्या कोटावर शिवलं होतं. आणि तोराजीचा पट्टा हवालदारांच्या कोटावर.

रविवारी सकाळी तोराजी जुना कोट घालून फाटकाबाहेर आला, दुकानात तो बदलून शिवून ठेवलेला कोट अंगात चढवला आणि स्टेशनाकडे धावला. मागोमाग हवालदार आले. त्यांनी मात्र आरसा मागितला. पण मावशीचा आरसा तळहाताएवढा होता. त्यात त्यांची मिशी मावली, खांदे बाहेर राहिले.

स्टेशनावर गंमत सुरू झाली. डावीकडून दोन नवे शिपाई आले. मला पाहून त्यांनी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. तोराजीनं दचकून मागे पाहिलं. मागे फक्त मुळ्याच्या टोपल्या होत्या. कुणीतरी मोठा साहेब असणार आणि आपल्याला दिसत नाही, असं समजून त्यानंही टोपल्यांना सलाम केला. तेवढ्यात उजवीकडून तीन चांदण्यांचा एक उर्मट शिपाई आला.

"काय रे लंबू, वरच्याला सलाम करायची पद्धत गेली वाटतं?"

"चुकलो, दादा! आत्ता मी या मुळ्यांना..."

"मुळ्यांना?"

तो माणूस डोकं हलवत निघून गेला. गाडीत तोराजीच्या डाव्या बाजूच्या माणसांनी त्याला बसायला जागा दिली आणि उजव्या बाजूच्या म्हातारीनं मांडीवर कोंबडी ठेवायला दिली. त्याला काही उलगडा होईना. आज लोक फार चांगले आहेत, पण फार विचित्र आहेत, एवढंच त्याला वाटलं.

त्याचा मामा, मोहेई मारुयामा, दोन स्टेशनं पलीकडच्या खेड्यात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, करून विकत असे. रशियाच्या लढाईत तो नाईक होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. मामी वारली होती. घर मुलगी चालवत होती, तिचं नाव हात्सुए. तोराजीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून तो तिला ताई म्हणे. त्या दिवशी तिला पाहायला पलटणीतला एक हवालदार येणार होता. स्थळ आणलं होतं गावातल्या किउची नावाच्या निवृत्त सुभेदारानं. त्यानंही मुलाला पाहिलेलं नव्हतं, ओळखीतून सगळं ठरलं होतं. फौजी पाहुण्याशी बोलायला घरचा फौजी असावा, म्हणून मामानं भाच्याला बोलावून घेतलं होतं.

तोराजी दारात शिरला तेव्हा मामा चुलीशी डावीकडे बसला होता. त्यानं वर पाहिलं. त्याला मी दिसलो. मामा उठला, ताठ झाला आणि हातातल्या चिमट्यासकट सलाम केला.

"हवालदारसाहेब!"

"मामा, सकाळी सकाळीच घेतलीत का?"

"भाच्या! लबाडा! एवढी मोठी बातमी आणि कळवलं नाहीस? मी जन्मभर नाईक राहिलो आणि तू एकविसाव्या वर्षी हवालदार!"

"कोण हवालदार?"

"लाजतोय बघा कसा. अगदी आईवर गेलाय. थांब, शेजारी सांगून येतो."

मामा अनवाणी निघाला आणि मग सपाता घालायला परत आला. तोराजीनं मान वाकडी करून, हनुवटी खांद्याला टेकवून खाली पाहिलं. आमची नजरानजर झाली. त्या पोराच्या तोंडावरचं रक्त असं उतरलं की मला स्वतःचीच लाज वाटली.

माडीवरून उतरताना हात्सुएनं त्याला पाहिलं. तिची नजर सुईवाल्या बाईची होती.

"तोरा, तुझ्या खांद्यांचं आपसात भांडण झालंय का? एक हवालदार, एक शिपाई?"

"ताई, मेलो मी! हा आमच्या हवालदारांचा पट्टा आहे. दुसऱ्याचा हुद्दा घातला म्हणजे थेट कोठडी! आणि कोठडीआधी ते स्वतः! तू त्यांना ओळखत नाहीस. ते ओरडले की झाडांवरचा बर्फ पडतो."

"मग काढ कोट. मी उसवते."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. मुद्दाम मऊ केलेला, पण तोच आवाज.

"मी पलटणीतून आलोय. मारुयामासाहेबांचं घर हेच का?"

तोराजी एक शब्द न बोलता मिसोच्या मोठ्या पिपामागे जाऊन बसला. मला पिपाच्या कडेनं उघड्या दारातून सगळं दिसत होतं.

अंगणात कुराहाशी हवालदार उभे होते. मिशीला तेल लावलेलं, हातात मिठाईचा डबा. मामा शेजाऱ्यांकडून परतत होता, तो त्यांच्या डाव्या बाजूनं आला. त्याला दिसल्या दोन चांदण्या. फीत नाही. शिपाई.

मामाला वाटलं, पाहुण्या हवालदारानं आपला शिपाई पुढे पाठवलाय.

"अस्सं. साहेब मागून येताहेत वाटतं?"

"कोण साहेब?"

"ठीक आहे, ठीक आहे. रिकामा उभा राहू नकोस. तिकडे कोठाराच्या दारात अजून छातीइतका बर्फ साचलाय. फावडं भिंतीला आहे. साहेब येईपर्यंत दार मोकळं कर बघू!"

मित्रांनो, हवालदारांच्या मानेची शीर टरारली ती मी तिथून पाहिली. पण किउची सुभेदारांनी त्यांना आधीच निरोप दिला होता की मुलीचा बाप विक्षिप्त आहे, माणूस पारखायला काहीही करायला लावतो, नाही म्हणू नका. हवालदारांना वाटलं, परीक्षा सुरू झाली. त्यांनी मिठाईचा डबा खाली ठेवला, मिशी सावरली आणि हसायचा प्रयत्न केला. त्या चेहऱ्याला हसण्याची सवय नव्हती. दात दुखत असावा असं दिसत होतं.

"आनंदानं," ते म्हणाले, आणि फावडं उचललं.

आणि उपसलं हो त्यांनी! सगळा दाबून घट्ट झालेला बर्फ होता, वर कवच, खाली पाणी. मामा चुलीशी बसून खिडकीतून सूचना देत होता. "डावीकडून! अरे डावीकडून! हल्लीचे शिपाई कसले, आमच्या वेळी..." हवालदार प्रत्येक सूचनेला "बरं" म्हणत होते.

हात्सुए चहा घेऊन बाहेर गेली. ती उजवीकडून गेली आणि थबकली. मग सहज फिरल्यासारखी डावीकडे गेली. मग पुन्हा उजवीकडे. तिला सगळं कळलं.

"चहा घ्या. हाताला फोड आलेत."

"काही नाही. बर्फ चांगला आहे."

"बर्फ चांगला?"

"म्हणजे... उपसायला चांगला आहे." त्यांचे कान लाल झाले होते. "तुमचे वडील लढाईत होते ना? माझे थोरले बंधूही होते. ते परत आले नाहीत. ते असे घरी कुणावर तरी ओरडत बसलेले असते तर मला बरं वाटलं असतं."

हात्सुएनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग रिकामा पेला घेऊन आत आली आणि पिपामागे वाकली.

"तोरा, तुझा पट्टा सापडला. तुझे हवालदार बाहेर बर्फ उपसताहेत."

"त्यांनी अजून कुणाला मारलं नाही?"

पण मामा तिथे आलाच. "भाच्या! पिपात काय शोधतोयस? बाहेर एक शिपाई आहे. जा, जरा लक्ष ठेव त्याच्यावर. ओरड थोडं! माझ्या भाच्याचा आवाज ऐकू दे शेजाऱ्यांना!"

कुंपणापाशी चार शेजारी जमले होतेच. मामानं तोराजीला ढकलत अंगणात आणलं. हवालदारांची पाठ होती.

"ओरड!" मामा म्हणाला.

तोराजीनं डोळे मिटले. "कृपा करून... जरा... उपसता का, साहेब?"

हवालदार वळले. त्यांनी तोराजीला पाहिलं. मग मला पाहिलं. मी त्यांचा, आणि परक्या खांद्यावर. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या खांद्याकडे गेला, बोटं फीत शोधत राहिली. फीत नव्हती. छातीत हवा भरली गेली. मला ती तयारी ठाऊक होती. आता झाडांवरचा बर्फ पडणार होता.

तोराजी ओठ न हलवता पुटपुटला, "साहेब, मावशीनं... मला आत्ताच कळलं... मामांनी गावभर सांगितलंय..."

हवालदारांनी कुंपणापलीकडच्या चार शेजाऱ्यांकडे पाहिलं. अभिमानानं फुललेल्या मामाकडे पाहिलं. दारात हात्सुए उभी होती, तिच्याकडे पाहिलं. छातीतली हवा हळूहळू नाकावाटे बाहेर सोडली.

"होय, साहेब," ते मोठ्यानं म्हणाले, "उपसतो!" आणि पुन्हा फावडं मारलं.

मी हवालदारांच्या अंगावर तीन हिवाळे होतो. इतका जड शब्द उचलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात एक शेजारी ओरडला, "किउची सुभेदार येताहेत!"

आता तोराजीच काय, हवालदारही पांढरे पडले. किउची सुभेदार म्हणजे चालतंबोलतं शिस्तीचं पुस्तक. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी ते रोज पोस्टमनच्या टोपीचं निरीक्षण करत. वाकडी चांदणी दिसली तरी पलटणीला कळवत. दोन खांद्यांवर दोन हुद्दे दिसले असते तर त्यांनी जेवणही सोडलं असतं.

"घामानं भिजलात दोघंही," हात्सुए मोठ्यानं म्हणाली. "कोट काढा. मी चुलीवर वाळवते. हे घाला." आणि तिनं दोघांच्या अंगावर घरातले कापूस भरलेले जाड डगले टाकले. एकसारखे, निळे, कोपरावर ठिगळ असलेले. कोट घेऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं.

पुढचं मी दाराच्या फटीतून ऐकलं. किउची सुभेदार आत आले आणि दारातच अडले. समोर दोन डगलेवाले. खांदे कोरे.

"यांतला... वरचा कोण?"

त्यांनी एका डगल्याकडून दुसऱ्या डगल्याकडे पाहिलं.

"अहो, मला आधी नमस्कार कुणाला करायचा ते तरी सांगा! मी वाकायचं किती?"

शेवटी त्यांनी बैठकीवरून अंदाज बांधला. मामानं लाडक्या भाच्याला मानाच्या जागी बसवलं होतं आणि त्या 'शिपायाला' दाराशी, वाऱ्यावर. सुभेदार तोराजीपुढे गुडघे टेकून वाकले.

"हवालदारसाहेब! तुमचं फार नाव ऐकलंय. मारुयामा, असा जावई नशिबानं मिळतो!"

"जावई?" मामा म्हणाला. "अहो, हा माझा भाचा!"

"मग जावई कुठाय?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय! अजून पत्ताच नाही त्याचा. शिपाई तेवढा येऊन पडलाय."

"हवालदार माणूस उशीर करीलच कसा?"

दाराशी बसलेल्या कुराहाशींच्या तोंडात मुळ्याचं लोणचं होतं. ते आवाज न करता चावायची त्यांची धडपड मला भिंतीपलीकडून जाणवत होती.

इकडे हात्सुएच्या सुईनं मला उसवलं, आणि कितीतरी तासांनी मी माझ्या कोटावर, माझ्या जागी आलो. मानेपलीकडे उजवा होता. "कुठे होतास?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "पिपामागे." त्याला ते खोटं वाटलं.

सुभेदारांचा धीर सुटला होता. "हे असं नाही चालायचं. मला घास उतरत नाही! दोघंही आधी कोट घालून या. कोण कोण आहे ते कळू दे!"

दोघं आत आले, कोट चढवले, बाहेर जाऊन उभे राहिले. मामानं पाहिलं. भाचा शिपाई. शिपाई हवालदार. त्यानं हातातल्या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या पेल्याकडे पाहिलं आणि तो हळूच बाजूला ठेवला.

"तुम्ही... म्हणजे कुराहाशी हवालदार तुम्हीच? आणि मी तुम्हाला बर्फ..."

"कोठाराचं दार मोकळं झालंय," हवालदार म्हणाले. "आतल्या बाजूला अजून असेल तर जेवण झाल्यावर काढतो."

मामा उठून ताठ उभा राहिला आणि सलाम करायला गेला. हवालदारांनी त्याचा हात धरून खाली बसवला.

"पण मी भाच्याच्या खांद्यावर फीत पाहिली हो! या डोळ्यांनी!"

सुभेदारांची मान गर्रकन तोराजीकडे वळली. "फीत? या पोराच्या? काय रे?"

आता एक शब्द पुरे होता. तो शब्द कुराहाशींच्या हातात होता, आणि खरं सांगायचं तर तो वापरण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

"सुभेदारसाहेब," ते म्हणाले, "मामाच्या डोळ्यांना भाच्याच्या खांद्यावर सोनं दिसलं. यात भाच्याचा काय गुन्हा?"

सुभेदारांनी विचार केला. नियमावलीत याबद्दल काही सापडेना. मग त्यांनी हुद्द्याप्रमाणे सगळ्यांना पुन्हा बसवलं आणि पोटभर जेवले.

निघायच्या वेळी त्यांनी रीतीप्रमाणे हात्सुएला विचारलं, "मग मुली, हवालदारांना काय कळवू?"

"तोरा सांगतो ते हवालदार मी पाहिलेले नाहीत," ती म्हणाली. "फार ओरडतात म्हणे. त्यांचं मला माहीत नाही. पण आज ज्यानं बर्फ उपसला, त्याच्याशी करीन."

हवालदारांनी सलाम केला. कुणाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं. समोर फक्त मिसोचं पीप होतं.

परतीच्या गाडीत ते आणि तोराजी समोरासमोर बसले होते.

"सेकिने."

"जी साहेब!"

"'कृपा करून' म्हणून कुणी ओरडतं का रे? उद्यापासून तुला ओरडायला शिकवतो."

शिकवलं त्यांनी. पण तोराजीला शेवटपर्यंत जमलं नाही.

लग्न झालं. पुढे हवालदारांच्या खांद्यावर तिसरी चांदणी आली, नवे पट्टे आले, आणि आम्ही दोघे हात्सुएच्या शिवणाच्या पेटीत गेलो. काही वर्षांनी त्यांचा गुडघा निकामी झाला. त्यांनी पलटण सोडली आणि सासऱ्याचा मिसोचा धंदा सांभाळू लागले. घरात ओरडायची बंदी होती. फारच अनावर झालं तर हात्सुए म्हणे, "कोठारात जा." मग ते कोठारात जाऊन पिपांवर ओरडून येत. त्या पिपांतला मिसो चांगला मुरे, असं गिऱ्हाइकं म्हणत.

मग खांद्यांवरचे पट्टेच बंद झाले. आमच्या चांदण्या कॉलरवर गेल्या. माझे जातभाई आणि ते नवे कॉलरवाले दूरदूरच्या मुलखांत गेले. तिथे त्यांच्या नावानं काय काय झालं, आणि त्यांनी काय काय केलं, ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही, मित्रांनो, म्हणून मी ते या गोष्टीत घालत नाही. तोराजीचा थोरला मुलगा लढाईत मारला गेला. त्याच्या कॉलरवरची एक चांदणी डब्यातून परत आली. त्या दिवशी कुराहाशी काठी टेकत तोराजीच्या घरी गेले आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या शेजारी नुसते बसून राहिले.

लढाई संपली. पलटणच उरली नाही. जिंकलेल्यांच्या भीतीनं लोकांनी आपापल्या चांदण्या, पट्टे चुलीत घातले. उजवाही त्यातच गेला. हवालदारांनी स्वतः टाकला. मला उचलायला गेले तेव्हा हात्सुएनं हात मधे घातला.

"हा नाही. यानं माझं लग्न जमवलंय."

त्यानंतर मला कुणी झटकलं नाही की पाहिलं नाही. पेटीच्या तळाशी बटणं आणि तुटक्या सुयांमधे माझी फीत काळी पडली. कसरीनं एक कोपरा खाल्ला. मग एक दिवस हात्सुएची नात मिचिको पेटी उपसत बसली, तिला मी सापडलो, आणि तिनं मला मांजराच्या गळ्यात बांधलं. मांजर तसं माजोरीच होतं. मी गळ्यात पडल्यावर ते कुणाचंच ऐकेना.

तोराजी तेव्हा म्हातारा झाला होता. चहाला आला, मांजर आडवं आलं, आणि पाठीच्या कण्यानं डोक्याला न विचारता सलाम ठोकला! कुराहाशी इतके हसले की त्यांचा चहा मिशीत गेला. मग तोराजीनं मांजराला मांडीवर घेऊन मला सोडवलं. तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिलं.

"साहेब, हा एक दिवस माझा होता."

"मग ठेव तुलाच."

"नको बुवा," तोराजी म्हणाला. "एका दिवसात मान आखडली होती."

त्यानं मला आपल्या बाहीनं पुसलं आणि हात्सुएच्या हातात दिलं. तिनं जुनी पेटी झटकली, मला पातळ कागदात गुंडाळलं आणि पुन्हा आत ठेवलं.

मी अजून तिथेच आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाचा तरी बिल्ला, पट्टा, एखादी टोपी कुठल्यातरी पेटीच्या तळाशी पडून असेल. ती काढा, ऊन दाखवा, आणि ती ज्याची होती त्यानं ती घालून कुणाला रडवलं, कुणाला हसवलं, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. आम्हा म्हाताऱ्यांना तेवढं पुरतं. कसर फार झाली आहे हो. मला एक कापराची वडी द्या. सलाम नको.